येतेस का, येतेस काय आणि कोकणीवरचा आळ

गोव्यातल्या फोंड्याहून विचारणा आली आहे. मुलीने निबंधात 'तू जत्रेला येतेस काय?' असं लिहिलं. वहीत 'काय'चा 'य' लाल शाईने खोडलेला, समासात शेरा 'कोकणी प्रभाव'. ही चूक आहे का?

नाही. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात वाक्याच्या शेवटी 'का' चालतो तसा 'काय'ही चालतो. कोल्हापूरकडचा माणूस 'जेवलास काय?' असंच विचारतो, आणि त्याच्या सात पिढ्यांत कुणी मांडवी ओलांडलेली नसते. पुण्याकडे 'का' जास्त ऐकू येतो आणि पाठ्यपुस्तकं तिकडच्या वळणाची, एवढीच त्यातली ग्यानबाची मेख.

लाल शाई उगाळायचीच असेल तर ती 'काय तुम्हाला दात दुखतात?' असल्या जाहिरातींवर उगाळा. हिंदीतला 'क्या' उचलून मराठी वाक्याच्या डोक्यावर ठेवला की प्रश्न होत नाही. 'काय झालं?'सारखी वस्तू किंवा गोष्ट विचारायची नसेल, तर मराठीत वाक्याच्या सुरुवातीचा 'काय' उद्गाराचा असतो: काय पाऊस पडतोय! काय बाई बोलते! त्यामुळे 'काय तुम्ही बचत करता?' हे मराठी कानाला टोमण्यासारखं लागतं. 'काय, येणार ना?' हे वेगळं. तिथे स्वल्पविरामाएवढं थांबतो आपण, तो हाक मारल्यासारखा 'काय'. आणि 'मी काय चोर आहे?' यातला मधला 'काय' तर सरळ नकारच.

आता 'का'. क्रियापदाच्या आधी आला तर कारण विचारतो (तू का आलास?), नंतर आला तर हो-नाही (तू आलास का?). हे सगळ्यांना ठाऊक. घोटाळा होतो तो 'नाही' सोबत असताना. 'तू काल आला का नाहीस?' आणि 'तू काल आलास का नाही?' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. फरक एका 'स'चा. पहिल्यात 'स' 'नाही'ला चिकटलाय, म्हणजे 'आला नाहीस' हे एकच क्रियापद आणि 'का' त्याच्या पोटात शिरलेला; अर्थ, न येण्याचं कारण सांग. दुसऱ्यात 'आलास'पाशी क्रियापद पुरं झालं, म्हणून 'का' म्हणजे 'किंवा'. 'स' चुकीच्या जागी टाकलात तर विचारायचं एक आणि उत्तर भलतंच.

या 'किंवा'पाशीच खरी गंमत आहे. गोव्याच्या कोकणीत 'काय' म्हणजे 'की': 'खरें काय फट?', 'येता काय ना?'. वस्तू विचारायला तिथे 'कितें' आहे आणि 'थोडंसं, काही' या अर्थी अनुस्वार देऊन 'कांय'. तीन कामांना तीन शब्द. मराठीने वस्तू विचारणं आणि हो-नाही विचारणं ही दोन्ही ओझी एकट्या 'काय'वर टाकली. माझं मत असं की शेवटचा 'काय' हा अर्धवट सोडलेला पर्याय आहे: 'येतेस काय (नाही)?' यातलं 'नाही' गिळलेलं. 'येतेस की नाही?' आपण अजून पुरं म्हणतो. 'काय'च्या बाबतीत शेपूट गळली, इतकंच. मुलीच्या वाक्यावर कोकणीचा आळ घेण्याऐवजी कोकणीने ते वाक्य उलगडून दाखवलं, असं म्हणायला हवं.

मग हा 'काय' आला कुठून? संस्कृत 'किम्'पासून, असं ठोकून देणारे पुष्कळ आहेत. 'किम्'चा 'कीं' होईल, 'काय' कसा होईल? 'काय'मधला 'आ' काय आभाळातून पडला? बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने अपभ्रंशाच्या, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या टप्प्याच्या, व्याकरणात सूत्रच दिलं आहे: 'किमः काइं-कवणौ वा'. 'किम्'च्या जागी विकल्पाने 'काइं' आणि 'कवण' येतात. 'कवण'चा आपला 'कोण', 'काइं'चा 'काय'. जागी येतात म्हणजे त्यातून निघतात असं नव्हे, ही गफलत इथेच होते. 'काइं' आला 'कानि'मधून, म्हणजे 'किम्'च्या नपुंसकलिंगी अनेकवचनातून. 'फलानि, फलाइं, फळें' ही साखळी पाहा. 'कानि, काइं, काय' तिचीच बहीण. थोडक्यात, एकच वस्तू दाखवून 'हे काय?' विचारतो तेव्हाही शब्द मुळात अनेकवचनी आहे. आणि 'बाजारातून काय काय आणलंस?' म्हणजे अनेकवचनाचं अनेकवचन!

'की' सरसकट फारसी, असंही एक पालुपद चालू असतं. 'तो म्हणाला की' यातल्या 'की'बद्दल हवं तर वाद घाला. पण 'किंवा' अर्थाचा 'कीं' ज्ञानेश्वरीत पानोपानी आहे, आणि ती 1290 ची. देवगिरीला तेव्हा यादवच होते, फारसीची राजवट अजून यायची होती.

राहता राहिली वही. 'येतेस काय' तसंच ठेवा. मात्र त्याच पानावर तिने 'जत्रा कधी आहे ते मला ठाऊक नाही?' असं लिहिलंय. ते प्रश्नचिन्ह काढायला सांगा. 'कधी' आहे म्हणून वाक्य प्रश्न होत नाही. लाल शाईतून नेमकं तेच सुटलंय.