थंडी सोसणारे जिवाणू डिझेल सांडलेली शेतजमीन सुधारू शकतात का?

आपण विचारले आहे की, धुळ्याजवळच्या आपल्या शेतात विहिरीवरच्या इंजिनाचे डिझेल वर्षानुवर्षे सांडून एक तुकडा तेलकट आणि नापीक झाला आहे, तेथे थंड प्रदेशातील जिवाणूंची बाटली हिवाळ्यात टाकल्यास उपयोग होईल का. मी जळगावला सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि अमळनेरकडे आमची कपाशीची शेती आहे. हा प्रश्न आमच्याही बांधावर उभा राहिला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

थंडीतील जिवाणूंचे दोन प्रकार असतात आणि ते एक समजू नयेत. खरे शीतप्रेमी जिवाणू 15 अंशांच्या आतच जोमाने वाढतात आणि 20 अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते, त्यामुळे मे महिन्यात जिचा वरचा थर 50 अंशांपलीकडे तापतो त्या खानदेशच्या जमिनीत ते टिकणार नाहीत. शीतसहिष्णू जिवाणूंना मात्र 20 ते 30 अंश मानवतात आणि शून्याजवळही त्यांचे काम मंदगतीने सुरू राहते. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस आणि आर्थ्रोबॅक्टर या कुळांत असे अनेक जिवाणू आहेत, आणि ही कुळे आपल्या मातीतही आहेत. थंडीत तूप थिजते तसे पेशीचे आवरण थिजू नये म्हणून ते त्यातील असंतृप्त मेदाम्लांचे (थंडीतही पातळ राहणाऱ्या स्निग्ध घटकांचे) प्रमाण वाढवतात, आणि त्यांच्यातील थंडीत काम करणारी विकरे (एन्झाइम) रचनेने लवचिक असतात. मात्र हीच लवचिकता उष्णतेत त्यांना लवकर निकामी करते.

बाहेरून जिवाणू आणण्यापेक्षा तेथल्याच जिवाणूंना पोसणे अधिक भरवशाचे, असे माझे ठाम मत आहे. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून सुमारे 4 कोटी लिटर कच्चे तेल सांडले, तेव्हा त्या थंड किनाऱ्यांवर नत्र-स्फुरदयुक्त खते फवारून स्थानिक जिवाणूंचा वेग वाढवण्यात आला. अंटार्क्टिकात तर पर्यावरण-रक्षणाच्या 1991 च्या माद्रिद करारामुळे परके जीव नेण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे केसी या ऑस्ट्रेलियाच्या संशोधन तळावरील इंधनाने दूषित मातीचे ढीग करून त्यांना हवा व खत देऊन तेथल्याच जिवाणूंकडून काम करून घेतले गेले.

धुळ्यात पारा कधी 5 अंशांवर उतरतो, पण तो हवेचा, पहाटेचा. हातभर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ जाणवत नाही. तापमान 10 अंशांनी घटले की विघटनाचा वेग साधारण निम्मा होतो, थांबत नाही. पहिल्या हिवाळ्यात आमच्या तुकड्याचा वास हटेना तेव्हा मीही थंडीलाच दोष दिला होता, पण चूक पाण्याची होती: मी रान सतत ओले ठेवले, काळी माती चिकटून बसली आणि हवा आत शिरलीच नाही. डिझेल तोडणाऱ्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू लागतो. पुढच्या वर्षी वाफसा आल्यावरच वरचेवर माती हलवली, तिच्यात कुजलेले शेणखत मिसळले, तेव्हा फरक दिसू लागला.

नत्राचा हिशेब मात्र नीट करावा. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण साधारण 100:10:1 धरतात. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 700 ग्रॅम कार्बन असतो, म्हणजे त्यामागे 70 ग्रॅम नत्र, अर्थात दीडशे ग्रॅम युरिया, तोही तीन-चार हप्त्यांत. एकदम जास्त दिल्यास क्षारांमुळे जिवाणूंचीच वाढ खुंटते आणि नायट्रेट आपल्या विहिरीत उतरते. काही जागी मातीचा वास गेला, तरी जड घटक मागे राहिलेले असू शकतात, म्हणून प्रयोगशाळेत एकूण हायड्रोकार्बनची (तेलातील कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांची) तपासणी करून घ्यावी.

तेथे इंजिनाचे जुने काळे ऑइलही सांडले असेल तर ते वेगळे प्रकरण आहे. त्यातील शिसे-जस्तासारखे धातू कोणताही जिवाणू नष्ट करू शकत नाही, तो फार तर त्यांचे रूप बदलतो; ती माती विहिरीपासून दूर, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी वेगळी काढून ठेवावी.