गोगलगाय किडा नाही, मग कीटकनाशक कशाला मारताय?

प्रश्न (औसा तालुका, लातूर) : सोयाबीन उगवलं की गोगलगायी रोपं बुडातून कातरतात. दुकानदाराने दोनदा फवारणी दिली, काही फरक नाही. शंखवाली आणि बिनशंखाची एकच जात का?

उत्तर : फरक पडणार नव्हताच भाऊ. किडा म्हणजे सहा पायाचा, संधिपाद गटातला. गोगलगाय मृदुकाय संघातली, म्हणजे शिंपले, माकूळ यांची भावकी, आणि त्यात उदरपाद वर्गातली, पोटच तिचा पाय. अळीचं औषध तिच्यावर मारून पैसे जातात आणि मित्रकीटक तेवढे मरतात. दुकानदाराला हे माहीत नसतं असं नाही, पण गोगलगायी पकडायला लागतं ते गोणपाट विकून त्याला काय मिळणार!

तुमच्याकडची मोठी शंखी ती आफ्रिकन. जुन्या पुस्तकात अकाटिना फुलिका, आता लिसाकाटिना म्हणतात, नाव बदललं म्हणून नवी कीड आली असं कोणी सांगितलं तर हसून सोडा. 1847 ला बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसवरून आणून कलकत्त्यात सोडली, तिथून पसरत गेली. बिनशंखाची वेगळी. बिनशंखाच्या सगळ्या एका घरातल्या पण नाहीत, वेगवेगळ्या कुळांत शंख आपापला गेलेला आहे. आपल्याकडे दिसणारी काळी चपटी वेरोनिसेलिडी कुळातली, तीही मूळची आफ्रिकेचीच. तुम्हाला जात पाठ करायची गरज नाही, दोन्हींना वेचणी आणि आमिष हाच इलाज.

आता वेळ. पहिला पाऊस पडला की ती शंखाच्या तोंडाचा पांढरा पडदा फोडून बाहेर येते. प्रत्येकीत नर-मादी दोन्ही, जोडीला कुठलीही चालते आणि एका वेळी शेकड्याने अंडी, म्हणून जूनमध्ये वेचलेली एक ही ऑगस्टमधल्या शेकडोंच्या बरोबरीची. माझं सांगणं एकच, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाच्या कडेने टाका, सकाळी ऊन चढायच्या आत उलटवा, हातात प्लास्टिकची पिशवी घालून वेचा (उघड्या हाताने नको, त्यांच्यात मेंदूपर्यंत जाणारा जंत असू शकतो) आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हे एकट्याने करून उपयोग नाही, शेजारच्या बांधावरच्या रात्रीतून परत येतात, निम्मं गाव तरी पाहिजे. मीठ बादलीतच, रानात टाकू नका, जमीन जाईल.

तरी आवरत नसेल तर मेटाल्डिहाइड (गोगलगायीचं विषारी आमिष) 2.5 टक्के गोळी, एकरी 2 किलो, पसरून, संध्याकाळी, पाऊस उघडलेला असताना. दोन किलो म्हणजे दोनच. ‘चार टाका, लवकर मरतील’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हे औषध गोगलगायीची शेंबूड करणारी यंत्रणा बिघडवून तिला सुकवतं, पावसात टाकलं तर पाणी पिऊन परत उठते, मग डबल टाकलं काय आणि चौपट टाकलं काय. ढीग तर अजिबात नको, कुत्री खाऊन मेलेली मी पाहिलीत, जनावरं त्या रानात सोडू नका. कीटकनाशकात कालवून पण देऊ नका, कोणीही सांगितलं तरी.

गोगलगायी अडवायला चुन्याची पट्टी कोरड्या दिवशी चालते, ओल्यात नाही.

नुकसान झालं असेल तर तलाठी किंवा कृषी सहायकाकडे लेखी अर्ज द्या, आणि फोटो कातरलेल्या रोपांसकट गोगलगायीचा घ्या, नुसत्या रिकाम्या रानाचा फोटो असला की उगवण कमी झाली असं लिहून मोकळे होतात.