पिगीबॅक की स्टँडअलोन? कॅम बदललेल्या जुन्या बलेनोसाठी माझं मत

मित्रा, तुझी जुनी १.६ बलेनो, मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) बसलाय, पुढच्या वर्षी चार सिलिंडरला चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपा) टाकायच्यात, गाडी रोज ऑफिसला आणि सुट्टीच्या दिवशी ऑटोक्रॉसला (मैदानातल्या वेळेच्या शर्यतीला). तर आत्ता पिगीबॅक (कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जोडायचा डबा) घेऊन भागेल का, असा तुझा प्रश्न. या चर्चेत वर दोघातिघांनी सांगितलंय घेऊन टाक म्हणून, स्वस्तात होतं हे खरंय. पण तुझ्या गाडीसाठी मी सरळ स्टँडअलोनच, म्हणजे कंपनीच्या ईसीयूच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू, सांगेन, आणि का ते जरा नीट सांगतो कारण यात माझं एक इंजिन गेलंय.

पिगीबॅक काय करतं, तर सेन्सर आणि कंपनीच्या ईसीयूच्या मध्ये बसतं आणि ईसीयूला खोटं सांगतं. हवा जास्त आली तरी कमी आली म्हणून सांगायचं, म्हणजे तो पेट्रोल कमी सोडतो, किंवा उलट. छोटं खोटं चालून जातं. मोठं खोटं कुठे अंगाशी येतं ते बघ. समज तू पेट्रोल फवारणारे इंजेक्टर दीडपट मोठे टाकलेस. पेट्रोल जागेवर ठेवायला ईसीयूला हवा दोन तृतीयांश दाखवावी लागणार, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) १०० किलोपास्कल दाब असताना त्याला ६७ दिसणार. पेट्रोलचं गणित जुळलं. पण तोच आकडा घेऊन ईसीयू इग्निशनचं टेबलपण (स्पार्क कधी द्यायचा त्याचा तक्ता) वाचतो ना! त्याला वाटतं गाडी हलक्या लोडवर चाललीय, मग तो स्पार्क अजून आधी देतो. जिथे २६ डिग्री पाहिजे तिथे ३२-३४ मिळाले की नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) ठरलेलं. क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा) सिग्नल पकडून टायमिंग मागे ओढणारी पिगीबॅकपण येतात, पण म्हणजे एक खोटं सावरायला दुसरं खोटं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळवत बसायचं.

माझ्याकडे हीच गाडी होती आणि मी नेमकं हेच केलं होतं. पहिले पंधरा दिवस गाडी अशी पळत होती की बस. मग हळूहळू मधल्या आरपीएमला मरायला लागली, कारण क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू स्वतःच पेट्रोल दुरुस्त करत असतो, ते शिकून लक्षात ठेवतो, आणि आपण केलेला बदल हळूहळू खोडून काढतो. मी पुन्हा पिगीबॅकचे आकडे बदलले, त्याने पुन्हा खोडले. मे महिन्यात दुपारी खंबाटकी चढताना, चार माणसं, एसी चालू, तिसऱ्या गियरला दाबली आणि पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज आला. मी थांबायला हवं होतं, थांबलो नाही. साताऱ्यात पोचेपर्यंत ऑइलच्या भरणीतून धूर. कॉम्प्रेशन बघितलं तर तीन सिलिंडर १७५ पीएसआयच्या आसपास आणि एक ९०. पिस्टन हातात घेतला तेव्हा वरच्या दोन रिंगांमधली कड बोटाच्या नखाएवढी तुटलेली होती, बाकी पिस्टन नव्यासारखा.

तुझ्या केसमध्ये अजून एक भानगड आहे ती म्हणजे कॅम. मोठ्या कॅमला ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा वेळ) जास्त, आयडलला थोडी हवा न जळताच एक्झॉस्टला निघून जाते, तिथला सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू अजून ओततो. प्लग काढून बघ, काजळी धरली असेल तर हेच चाललंय. व्हॅक्यूमपण कमी आणि थरथरता, त्यामुळे मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सिग्नल स्थिर राहत नाही. आणि चार थ्रॉटल बॉडी टाकल्यास की तो सिग्नल जवळजवळ गेलाच समज. तेव्हा थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती यावर पेट्रोल ठरवावं लागतं, ज्याला अल्फा-एन म्हणतात, ते कंपनीच्या ईसीयूला जमायचं नाही. स्टँडअलोनमध्येपण अल्फा-एन लावलंस तर बाहेरच्या हवेच्या दाबासाठी वेगळा सेन्सर घेच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी, भरपाई नसेल तर पसरणी घाट चढेपर्यंत गाडी पेट्रोलने गुदमरते.

आता स्टँडअलोनचा त्रासपण ऐकून घे. डब्याची किंमत हा खर्चाचा छोटा भाग आहे, खरा पैसा आणि वेळ वायरिंग आणि ट्यूनिंगमध्ये जातो. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो स्वस्तात पडतात, लिंक किंवा हॉलटेक घेतलंस तर खिसा रिकामा होतो पण डोकेदुखी कमी. पूर्ण थ्रॉटलचं ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) एका दिवसात होतं. थंड स्टार्ट, आयडल, सिग्नलला उभं असताना एसीचा कॉम्प्रेसर लागला की आरपीएम न पडणं, रेडिएटरचा फॅन, हे सगळं कंपनीने वर्षं घालवून केलेलं काम तुला पुन्हा करायचंय. थंड स्टार्ट तर दिवसातून एकदाच तपासता येतो, रात्रभर गाडी गार झाल्यावर. मी नवीन इंजिनवर स्टँडअलोन लावलं तेव्हा सहा आठवडे रोज सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचो. एकदा ४२०० आरपीएमला गाडी झटके द्यायची, टेबलं बदलून बदलून थकलो, शेवटी कळलं की क्रँक पुलीवर ३६-१ दातांचं चाक बसवलं होतं त्याच्या सेन्सरची शील्डची वायर दोन्ही टोकांना अर्थ केली होती. एका टोकाची सोडवली, झटके बंद. म्हणून सांगतो, सेन्सरचा अर्थ ईसीयूवरच घे, बॉडीला कुठेतरी स्क्रू मारून घेऊ नकोस.

तुझ्या भावाच्या पोलो जीटी टीएसआयला मात्र यातलं काहीच नको. त्या गाडीत ईसीयू, डीएसजी (ऑटोमॅटिक गियरबॉक्स), एबीएस, मीटर सगळे कॅन बसवर (सगळ्यांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरवर) एकमेकांशी बोलतात, गियरबॉक्सला इंजिनकडून टॉर्कचा आकडा लागतो, स्टँडअलोन लावलं तर ते सगळं बिनसतं. तिथे कंपनीच्याच ईसीयूचा रिमॅप करायचा (आतले आकडे बदलायचे). तोपण बेताने, त्या कोरड्या क्लचच्या सात स्पीड गियरबॉक्सची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे.

पैसे आत्ता एवढेच असतील तर आधी वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) घे, पिगीबॅक नको. आणि त्यावर लॅम्बडा वाच (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त), हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा १४.७ चा आकडा डोक्यातून काढून टाक, कारण पंपावर आता ई-२० येतंय आणि त्याला साधारण १३.५ लागतं. पूर्ण थ्रॉटलला ०.८७-०.८८ च्या आसपास ठेवलंस तर माझ्या अनुभवात ते इंजिन खूश असतं.

कायद्याचंपण बघ, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या माहितीशी न जुळणारे बदल बसत नाहीत, इन्शुरन्सवाले अपघातानंतर तेच काढतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नकोस, पीयूसी वेळेवर कर.

आणि वायरमन काहीही म्हणू दे, मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापू देऊ नकोस. भंगारातून एक जुना ईसीयू आण, त्याचा कनेक्टर काढून मधली जोडणी त्यावर बनव. रात्री कराडजवळ स्टँडअलोन बंद पडलं तर तासाभरात कंपनीचा ईसीयू परत लावून हळूहळू का होईना घरी येता आलं पाहिजे, म्हणून तो कायम डिकीत ठेव. इंजेक्टर कोणते आहेत ते कळव, बलेनोचा माझा बेस मॅप (सुरुवातीच्या आकड्यांची फाइल) पाठवतो.