शुभवर्तमानं साहित्य म्हणून कशी वाचायची?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती नसलेल्या माणसाला शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावानं असलेली येशूची चार चरित्रं, साहित्य म्हणून वाचता येतात का, आणि 'सांस्कृतिक वाचन' म्हणतात ते नेमकं काय. वाचता येतात, खुशाल वाचा. मी वाचताना 'हे खरंच घडलं का' हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवतो आणि सांगणाऱ्यानं काय आधी सांगितलं, काय राखून ठेवलं, ते बघतो.

मार्कचा पाचवा अध्याय घ्या. याईर हा सभास्थानाचा, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाचा, अधिकारी. त्याची मुलगी मरणाला टेकलीय, म्हणून तो येशूच्या पाया पडतो. दोघं निघतात आणि वाटेत गोष्ट अडते. बारा वर्षं रक्तस्राव होणारी, वैद्यांपायी सगळा पैसा घालवून बसलेली एक बाई गर्दीतून येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. येशू थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारत बसतो. इकडे याईरचा जीव टांगणीला! तेवढ्यात निरोप येतो, मुलगी गेली. पुढे येशू तिला उठवतो, आणि मग मार्क जाता जाता सांगतो की मुलगी बारा वर्षांची होती. एकीचं वय तेवढाच दुसरीचा आजार. शिवाय त्या बिननावाच्या बाईला येशूनं 'मुली' अशीच हाक मारलेली असते.

लूक हे वय सुरुवातीलाच सांगून टाकतो. मत्तयाकडे मुलगी पहिल्याच वाक्यात मेलेली असते, त्यामुळे वाटेतल्या खोळंब्यातली धाकधूकच उरत नाही. प्रसंग तोच, पण मला विचाराल तर कथाकार म्हणून मार्क सरस.

सांस्कृतिक वाचन म्हणजे त्या काळच्या ऐकणाऱ्यांना न सांगता कळत होतं ते शोधणं: मानमर्यादा, नातीगोती, शुद्धाशुद्धतेचे नियम, रोमची सत्ता. इथे मात्र जपून. या बाईबद्दल बरेच भाष्यकार लेवीय या बायबलमधल्या यहुदी नियमग्रंथाच्या पंधराव्या अध्यायाचा आधार घेऊन म्हणतात की येशूनं विटाळाची यहुदी रूढी मोडली. एमी-जिल लिव्हाइन या यहुदी अभ्यासक बाईंनी अशा वाचनावर सडकून टीका केली आहे. येशू उजळ दिसावा म्हणून त्याचाच समाज काळा रंगवायचा, ही जुनी खोड. मार्कनं विटाळाचा उल्लेखसुद्धा केलेला नाही. त्याला दिसतो तो आजार आणि पैशाची धूळधाण. आपण मराठी वाचक तर इथे आणखी लवकर फसतो, कारण घरातल्या 'बाजूला बसण्या'च्या आठवणी आपण नकळत त्या गर्दीत नेऊन ठेवतो.

सुरुवात मार्कपासूनच करा. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घ्या, भाषा अडवत नाही. नंतर याईरची गोष्ट मत्तय आणि लूककडून काढून तिन्ही शेजारी ठेवून वाचा.