चार महिन्यांपूर्वी सरकलेला मानेचा मणका: आता ऑपरेशनचा उपयोग होतो का?

होतो. उशीर झाला म्हणून ऑपरेशन बाद होत नाही. तुमचे बाबा देवगडला आंबे काढताना झाडावरून पडले, दुखरी मान चोळून घेतली, आणि आता शर्टाची बटणं लागेनात तेव्हा सीटीत पहिला मणका दुसऱ्यावरून पुढे सरकलेला दिसला. मी कणकवलीत फिजिओथेरपिस्ट आहे. असे पेशंट माझ्याकडे 'मानेचे व्यायाम' मागायला येतात आणि मी त्यांच्या मानेला हातही लावत नाही.

चोळणं, मान मोडणं आजपासून बंद. टणक कॉलर लावा. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला न्या नाहीतर मुंबईला, पण आडवं झोपवून न्या; एसटीच्या मागच्या सीटवर नको. चालताना पाय अडखळले, लघवी अडली किंवा श्वास लागला तर तारखेची वाट बघू नका.

ताजी इजा असते तेव्हा डोक्याला वजन बांधून, म्हणजे ट्रॅक्शनने, मणका बऱ्याचदा जागेवर येतो. महिने उलटले की सांध्यात चिवट ऊतक भरतं आणि तो त्याच वाकड्या जागी आखडतो. तरी सर्जन बहुधा आधी ट्रॅक्शन लावून बघतात. बसला, तर मानेच्या मागून दोन्ही मणक्यांत स्क्रू घालतात आणि कमरेचं थोडं हाड लावून ते कायमचे जुळवतात. नाही बसला, तर आधी सांधा सोडवावा लागतो. त्यासाठी तोंडातून, घशामागून जायची जुनी वाट आहेच. पण मागूनच सांधा उघडून मणका बसवण्याचं मोठं काम मुंबईच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी केलं. त्यांची स्क्रू-प्लेटची पद्धत १९९४ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे हे आपल्याकडचंच ऑपरेशन आहे, धास्ती नको.

सर्जनना दोन गोष्टी नक्की विचारा. मेंदूकडे जाणारी धमनी याच मणक्यांतून जाते, तिची वाट सीटी अँजिओत पाहिली का? आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर डाग आहे का? असेल, तर हाताची पकड पूर्ण परत येईल असं कुणी छातीठोक सांगणार नाही. ऑपरेशनचा पहिला हेतू आहे तेवढं वाचवणं. सुधारलं तर उत्तमच.

डोकं डावी-उजवीकडे वळण्यातला साधारण निम्मा भाग याच सांध्याचा. तो कायमचा जाईल, मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागेल. झाडावर चढणंही संपलं. हे मात्र सर्जनच्या तोंडूनच बाबांना ऐकवा. आंब्याच्या हंगामात मुलांचं कोण ऐकतंय?