नोकरी सांभाळून इमर्जन्सीचं शिक्षण : तुमचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी बी.ए.एम.एस. असून १०८ रुग्णवाहिकेवर काम करतो. पुण्याला आपत्कालीन वैद्यकीय सेवेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका करायचं मनात आहे. नोकरी न सोडता करता येते म्हणतात. फीसाठी कर्ज काढावं लागेल, मुलगी लहान आहे. दुसरीकडे असाच कोर्स पूर्ण ऑनलाइन, निम्म्या फीत मिळतोय. काय करू? आणि नंतर नावापुढे ‘इमर्जन्सी स्पेशालिस्ट’ लिहिता येईल का?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर तुमचे पैसे अवलंबून आहेत. नाही लिहिता येणार. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या एम.डी.ला २००९ साली स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली, ती एम.बी.बी.एस.नंतरची तीन वर्षांची पूर्णवेळ पदवी आहे. पदविकेने तुमची नोंदणी बदलत नाही आणि उपचारांची कायद्याने आखलेली हद्दही वाढत नाही. प्रवेश देताना कोणी वेगळं सुचवत असेल, तर तिथून उठून या.

तरीही तुम्ही शिकावं, असं मला मनापासून वाटतं. जानेवारी २०१४ मध्ये राज्यात १०८ सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक सुविधांच्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरलं आणि त्या जागांवर मोठ्या संख्येने बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. मुलंमुली आली. तुमच्या भुदरगड तालुक्यातल्या वाडीवर छातीत कळ येऊन बसलेल्या माणसापाशी पोहोचणारा पहिला डॉक्टर तुम्हीच असता. मी कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, तुमचा पेशंट ताब्यात घेते. गाडीत त्या तासाभरात काय झालं, यावर पुढचं बरंच ठरून गेलेलं असतं.

छातीत दुखण्याचीच केस घ्या. गारगोटीहून कोल्हापूर म्हणजे तास-सव्वा तास. मोठा हार्ट अटॅक ओळखल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकर द्यावं, असा नियम आहे. मग पेशंट सरळ कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) असलेल्या ठिकाणी न्यायचा, की आधी जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन देऊन पुढे, हा हिशेब गाडीतच करावा लागतो. त्यासाठी ईसीजी स्वतः वाचता आला पाहिजे आणि पुढच्या डॉक्टरला फोनवर तीन वाक्यांत सांगता आला पाहिजे. ‘चेस्ट पेन आहे, आणतोय’ एवढ्याने मला तयारी करता येत नाही.

कीटकनाशक प्यायलेला पेशंट तर आपल्या भागात नेहमीचाच. नाडी १२० झाली म्हणून ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा, छातीत साठणारं पाणी सुकवणारं इंजेक्शन) थांबवलेले पेशंट माझ्याकडे आजही येतात. छाती घुरघुरत असेल तर थांबायचं नसतं. दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत छाती कोरडी होईपर्यंत जायचं. पेशंट बरळू लागला, अंग तापलं, आतड्यांचा आवाज गेला, की मग हात आखडता घ्यायचा. हे पुस्तकात आहेच. पण कोणीतरी शेजारी उभं राहून ‘स्टेथो लाव, काय ऐकू येतंय सांग’ असं विचारल्याशिवाय ते अंगी लागत नाही. म्हणूनच पूर्ण ऑनलाइन कोर्स माझ्या मते घेऊ नका. श्वासनलिकेत नळी घालणं काय किंवा मास्क घट्ट धरून बॅगने श्वास देणं काय, पोहण्यासारखं आहे, पाण्यात उतरावंच लागतं.

पुण्यात सिम्बायोसिससारख्या संस्थांचे अशा पदविकेचे अभ्यासक्रम आहेत. कुठेही गेलात तरी माहितीपत्रकावर विसंबू नका, आदल्या बॅचच्या दोघांना फोन करा. ड्युटी कोणत्या कॅज्युअल्टीत लावतात? तिथे रात्री खरोखर पेशंट येतात का? नळी घालायला मिळते, की भूलतज्ज्ञाच्या मागे नुसतं उभं राहायचं? लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही करणारा माणूस तुमचं काम बघतो का? उत्तरं गुळमुळीत मिळाली, तर कर्ज काढू नका. त्यापेक्षा बी.एल.एस. (प्राथमिक जीवरक्षण), ए.सी.एल.एस. (हृदयविकाराच्या आणीबाणीतलं प्रगत जीवरक्षण) आणि अपघातग्रस्तांसाठीचा आय.टी.एल.एस. असे एक-दोन दिवसांचे कोर्स करा आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या मोठ्या कॅज्युअल्टीत रीतसर परवानगी काढून उभे राहा. बी.एल.एस. आणि ए.सी.एल.एस.ची कार्डं दोन वर्षांनी नवी करावी लागतात, तेही ध्यानात ठेवा.

नोकरी करत शिकण्याचा एक मोठा फायदा पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळत नाही. तुमच्याकडे रोजच्या केसेस असतात. एक वही करा. कॉल किती वाजता आला, पोहोचलात कधी, बी.पी. किती, काय दिलं, पुढे पेशंटचं काय झालं, सगळं लिहा. फक्त पेशंटचं नाव लिहू नका. ती वही घेऊन वर्गात जा आणि शिक्षकांना त्यातलेच प्रश्न विचारा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तो ग्रामीण पेशंटच्या उशाशी बसून ठेवलेल्या बारीक नोंदींमधूनच, आणि १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’ या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने ते काम छापलं. आपल्या मातीतलं हे उदाहरण मी प्रत्येक नव्या इंटर्नला सांगते.

मुलीचं म्हणाल, तर घरच्यांशी आधी बोला आणि शिफ्टची अदलाबदल वरिष्ठांकडून लेखी घ्या. रात्रपाळी संपवून स्वतः गाडी हाकत पुणे गाठायचं, हे मात्र कदापि करू नका. एसटीने जा, वाटेत झोपा.

प्रश्न : मी जी.एन.एम. स्टाफ नर्स, आठ वर्षं कॅज्युअल्टीत आहे. आम्हा सिस्टरांसाठी असं काही आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आहे, सिस्टर. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमांत आपत्कालीन व आपत्ती परिचर्येची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आहे. पण ती पूर्णवेळ आहे, त्यामुळे नोकरीत असाल तर आधी रजेचा अर्ज आणि मेट्रनची शिफारस. कॉलेजला परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का, तेही तपासा.

तोवर ट्रायाज, म्हणजे कोणाला आधी बघायचं हे ठरवणं, पक्कं करा. दारातून आलेला पेशंट लाल, पिवळा की हिरवा, हे बहुतेक वेळा तुम्हीच डॉक्टरच्या आधी ठरवता. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, आणि तो काढायला कोणाच्या ऑर्डरची वाट बघावी लागू नये, असा लेखी नियम तुमच्या प्रमुखांकडून करून घ्या. सर्पदंशासाठी कोरडी, स्वच्छ काचेची टेस्टट्यूब ट्रॉलीत कायम ठेवा. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची चालत नाही, वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचं उत्तर त्याने चुकतं.