जेलवर एकच बँड आला, तरी प्रथिन डीएनएला का धरत नाही?

तुम्ही विचारले आहे की ई. कोलाय या जिवाणूत तयार केलेले नियामक (जनुके चालू-बंद करणारे) प्रथिन निकेल कॉलमवर शुद्ध केल्यावर प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर एकच ठळक बँड येतो, तरीही जेल शिफ्टमध्ये (प्रथिन चिकटलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो का, हे पाहणारी चाचणी) ते प्रोमोटरच्या, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या, तुकड्याला बांधलेले दिसत नाही, तर दोष कुठे शोधावा.

माझा पहिला संशय शुद्धीकरणावर आहे. जेलला दिल्या जाणाऱ्या कुमासी रंगात फक्त प्रथिने दिसतात. नमुन्यात जिवाणूचा डीएनए-आरएनए कितीही असला तरी त्याची खूण उमटत नाही. डीएनएला धरून ठेवणे हेच ज्याचे काम, ते प्रथिन पेशी फुटताच जिवाणूच्याच डीएनएला चिकटते आणि त्याला मुद्दाम जोडलेल्या, निकेलला धरणाऱ्या हिस्टिडीनच्या (एक अमिनो आम्ल) शेपटीने निकेलवर अडकताना त्यालाही सोबत आणते. मग तुमच्या तुकड्यासाठी जागा उरणार कुठे? पीएच.डी.च्या काळात याच कारणापायी माझे दोन महिने गेले, कारण मी 280 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण तेवढे मोजत होतो. 260 चेही मोजा: 260 भागिले 280 हे गुणोत्तर स्वच्छ प्रथिनात साधारण 0.6 असते, ते 1 च्या पुढे गेले, तर न्यूक्लिइक आम्ल (डीएनए किंवा आरएनए) सोबत आले आहे असे समजावे.

उपाय मिठाचा आहे, कारण जास्त मिठात प्रथिनाची डीएनएवरची पकड सैल होते. पेशी फोडण्याच्या द्रावणात डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) घाला आणि निकेलवरची एक धुणी 1 मोलर सोडियम क्लोराइडची द्या. ईडीटीए मात्र टाळा, कारण ते डीएनेजला लागणारे मॅग्नेशियम आणि कॉलमवरचे निकेल, दोन्ही ओढून घेते. नंतर मीठ कमी करून हेपरिन कॉलम वापरा. हेपरिन डीएनएसारखेच ऋणभारित असल्याने प्रथिन त्याला धरते, उरलासुरला डीएनए वाहून जातो आणि मीठ हळूहळू वाढवले की प्रथिन सुटते.

गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी 1966 मध्ये लॅक रिप्रेसर (ई. कोलायची लॅक्टोज पचवणारी जनुके बंद ठेवणारे प्रथिन) वेगळा केला, तेव्हा त्यांनी बँडवर विसंबून न राहता तो किरणोत्सारी आयपीटीजीला (लॅक्टोजसारखे एक रसायन) धरतो का, यावरून त्याचा माग काढला. आज आपण तेच आयपीटीजी प्रथिननिर्मिती सुरू करण्यासाठी सर्रास घालतो. तुम्हीही हेपरिन कॉलमवरून उतरलेला नमुन्याचा प्रत्येक भाग (फ्रॅक्शन) जेल शिफ्टमध्येच तपासा.

गुणोत्तर सुधारूनही बंध दिसला नाही, तर आयपीटीजी घातल्यावर जिवाणू वाढवण्याचे तापमान 37 ऐवजी 18 अंश सेल्सिअसवर ठेवा आणि जेल फिल्ट्रेशनमध्ये (रेणू आकारानुसार वेगळे करणारा कॉलम) प्रथिनाचे गोळे झालेले नाहीत ना, हे पाहा. तेही ठीक निघाले, तरच डीएनएच्या तुकड्यावर संशय घ्या.